मैदानाला टिनं लागली तेव्हा

आधी ते मैदान नव्हतंच. मुरमाची पडीक जमीन होती नुसती. तिकडची छत्तीसगढी माणसं असल्या जमिनीला भाठा म्हणायची, त्यांचं ऐकून आम्हीही भाठाच म्हणायला लागलो. भाठ्याच्या अलीकडे आमची वस्ती, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या बांधकामावर ठेकेदारांकडे कामाला असलेल्या माणसांच्या झोपड्यांची रांग. आणि पलीकडे नवी डांबरी सडक, सडकेला पाण्याचा नळ, माझी शाळा, दवाखाना, आणि त्यामागे क्वार्टरांच्या एकसारख्या ओळी, ज्यांत राहायला जायचं स्वप्न आमच्या रांगेतला प्रत्येक माणूस पाहत असे. वस्तीच्या पाठीमागून बांधकामाचा माल आणणारी रेल्वेची साइडिंग गेली होती. तिकडे लहान मुलांना जायला बंदी. त्यामुळे आमच्यासाठी जग एकाच बाजूला होतं आणि त्या जगात जायचं तर भाठा ओलांडायचा. बायकांच्या हांड्यांनी, आमच्या दप्तरांनी, बकऱ्यांच्या खुरांनी त्या लाल मुरमात एक पांढुरकी वाट पडली होती. भिलाईत तेव्हा सगळंच नवं होतं, पण ती वाट मला फार जुनी वाटायची.

घरात आम्ही चौघं. बाबा, माय, मी आणि पाळण्यातला गौतम. बाबा भंडाऱ्याकडचे. गावात आमची घरं नाल्यापलीकडे होती आणि नाल्याअलीकडची विहीर आमची नव्हती. एवढं सांगितलं की बाकीचं मराठी वाचकाला कळतं. दीक्षा घेतल्यावर बाबांनी गाव सोडलं आणि ओळखीच्या कुणीतरी सांगितलं म्हणून दुर्गला उतरले. भिलाईचं त्यांना भारी कौतुक. जेवताना म्हणायचे, "इंदे, इथं कोनी जात नाही इचारत. बिल्ला इचारते. बिल्ला असला का कुठंबी जा." ठेकेदाराच्या गँगचे ते मुकादम होते, लोखंडी खांब उभे करणं, पत्रे चढवणं हे काम. गळ्यातला तो पितळी बिल्ला ते रविवारी राखेनं घासून काढत.

सकाळी भोंगा व्हायच्या आत माय चूल पेटवायची. जवारी मिळायची नाही तशी, तांदूळच जास्त. तरी ती कुठून कुठून जवारी मिळवून बाबांसाठी दोन भाकरी थापायचीच. त्यासोबत चून, म्हणजे पिठलं, आणि लसणाचा ठेचा. शेजारी बिसाहिन काकी राहायची. तिचं गाव कारखान्याच्या जागेत गेलेलं, आणि आता ती आणि तिचा नवरा त्याच जागेवर माती उचलायला जात. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि सकाळी मीठ-कांद्याशी खायचा, त्याला ती बासी म्हणायची. मला त्या बासीचं वेड होतं. मायला ते आवडायचं नाही. "घरी भाकर असून लोकाइच्या घरी भात खाते," म्हणून ओरडायची, आणि दुपारी तीच काकीकडून मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा आणायची. दिवसभर जमिनीत खांब ठोकणाऱ्या यंत्राचा आवाज चालू असे, धम्म, मग थोडी शांतता, मग पुन्हा धम्म. त्या आवाजावर गौतम झोपायचा आणि यंत्र थांबलं की रडून उठायचा. आजही मला पूर्ण शांत खोलीत झोप येत नाही. माझी सून म्हणते, आई, तुमचा पंखा किती खडखडतो. मी तो मुद्दामच दुरुस्त करत नाही.

एका पावसाळ्यानंतर भाठ्यावर बुलडोझर आला. बाबांनी सांगितलं, हिवाळ्यात खेळांचे मोठे सामने होणार आहेत, लांबलांबच्या शहरांतून कामगारांचे संघ येणार, मोठमोठे पाहुणे येणार. आम्ही पोरं खुळावून गेलो. मुरूम दाबून सपाट झाला, त्यावर चुन्याच्या रेषा पडल्या, सडकेच्या बाजूला लाकडी पायऱ्यांचा मांडव उभा राहिला. आम्ही त्या चुन्याच्या रेषांवरून पळत शाळेत जायचो. बाबा संध्याकाळी सांगायचे, इथं धावणार, इथं गोळा फेकणार, इथं बँड उभा राहणार. जणू घरचं लग्न. माय ऐकायची आणि म्हणायची, "आमाले पाहू देतीन का?" बाबा म्हणायचे, "कावून नाही देनार? माह्या हातचं मैदान आहे ते."

मग खांब आले. लोखंडी अँगल, वाघिणी भरून. आणि त्यामागे टिनं, म्हणजे लोखंडी पत्रे. सडकेच्या बाजूला नुसती काटेरी तार, कमरेएवढी, आणि मधे एक फाटक. आमच्या बाजूला मात्र टिनं, पुरुषभर उंचीच्याही वर. ते असं का, हे मला सांगायची गरज नव्हती. सुपरवायझर बाबांशी बोलत होता तेव्हा मी डबा घेऊन तिथंच उभी होते. "बाबूराव, स्टँड से ये झोपड़ी-वोपड़ी नहीं दिखनी चाहिए. एक फाँक भी नहीं. और नट अंदर की तरफ से कसना, बाहर से कोई खोल न सके." बाबा म्हणाले, "जी साहब." आणि मग तो आणखी एक वाक्य बोलला, ज्यासाठी बाबा त्या दिवसांत जगत होते: "ये काम साफ हो गया, तो तुम्हारा नाम परमनंट के लिए मैं खुद आगे करूँगा."

त्या रात्रीचं नाही, दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीतलं आठवतं. बाबा घरी जेवायला आले होते. मायनं ताट वाढलं आणि समोर बसली. ती सहसा बसायची नाही.

"अवो, सगडं बंद करून राहिले काय तुमी?"

"तसाच आर्डर आहे."

"मंग पानी कुठून आनाचं आमी?"

"साइडिंगच्या कडेनं रस्ता आहे ना. थोडा फेरा पडते."

"थोडा?" माय म्हणाली. "तिथं डब्बे उभे राह्यते. बाया खालून निंघतीन. मांगं एक टिन ढिलं ठेवा. हांडा घेऊन एक बाई निंघन, इतकंच. सामने झाले का कसा ना तुमी."

बाबांनी भाकर मोडली, पण खाल्ली नाही. "सुपरवायझर रोज हातानं हालवून पाहते."

"पाहू द्या."

"इंदूची माय, तुले समजत कावून नाही? पर्मनंटची गोठ आहे. क्वाटर भेटन. घरात नळ येईन, नळ! पंधरा दिवसाचा तरास आहे."

"पंधरा दिवस पानी तर लागनच ना," माय म्हणाली. आवाज चढवला नाही. उठली आणि गौतमला घेऊन बाहेर गेली. बाबांनी मोडलेली भाकर ताटातच ठेवली. मग उठून कामावर गेले, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या दारासमोरचं शेवटचं टिन लागलं.

टिनं लागल्यावर पहिली गोष्ट बदलली ती उजेडाची. सकाळचं ऊन पूर्वी भाठ्यावरून सरळ झोपडीत यायचं, ते आता टिनावर थांबू लागलं, आणि आमच्या बाजूला तिसऱ्या प्रहरी त्या टिनांची धग यायची. आवाजही बदलले. पलीकडे खेळाडू सरावाला येऊ लागले. शिट्ट्या, पळणाऱ्या पायांचे ठोके, हसणं, सगळं ऐकू यायचं, दिसायचं काही नाही. बकऱ्या टिनाला डोकं लावून उभ्या राहायच्या, त्यांना वाट आठवायची. बिसाहिन काकी पहिल्या दिवशी सवयीनं हांडा घेऊन निघाली आणि टिनापर्यंत जाऊन परत आली. मला म्हणाली, "नोनी, मोर गाँव गइस, अब रद्दा घलो गइस." म्हणजे पोरी, गाव तर गेलंच, आता वाटही गेली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, याचंच मला तेव्हा नवल वाटलं. पण रांगेतल्या बाकीच्या बायका तशा नव्हत्या. त्या बाबांना ऐकू जाईल असं बोलायच्या. "आपल्याच मानसानं आपल्याले कोंडलं." बाबा खाली मान घालून निघून जायचे. ज्या माणसाला बाहेर निघताना चार हाका पडत, त्याला आता कुणी चहा विचारेना. माय मात्र त्यांना काही बोलली नाही. त्या बायकांनाही नाही. हांडे उचलायची आणि साइडिंगकडे चालू लागायची. शाळेआधी एक छोटी घागर घेऊन मी तिच्या मागे.

साइडिंगचा रस्ता म्हणजे रुळांच्या कडेची खडी. टिनांच्या टोकापाशी साइडिंग वळून सडकेकडे जायची, म्हणून रूळ ओलांडल्याशिवाय नळ गाठता येत नसे. तिथे मालाच्या डब्यांची रांग उभी असे, कधी तासभर, कधी दिवसभर. तिला वळसा घालायचा तर फारच लांब पडायचं, म्हणून सगळ्या बायका दोन डब्यांच्या मधून, जोडणीच्या साखळ्यांवरून पाय टाकून जायच्या. इंजिन कुठे दूर लागलेलं असे. लागलंय की नाही हे इकडून कळत नसे. माय मला आधी पलीकडे करायची, मग हांडे माझ्याकडे द्यायची, मग स्वतः यायची. रोज तसंच.

सामने सुरू व्हायच्या दिवशी सकाळी गौतमला काकीजवळ ठेवून आम्ही जरा उशिराच निघालो, कारण शाळेला सुट्टी होती. पाणी घेऊन परत येताना मी पलीकडे झाले. मायनं एक हांडा दिला. दुसरा दिला. मग तिनं लुगडं वर खोचलं आणि एक पाय रुळापलीकडे टाकला. तेवढ्यात लांबून तो आवाज आला, एक डबा दुसऱ्याला आपटतो, दुसरा तिसऱ्याला, असा टोकाकडून आमच्याकडे धावत येणारा आवाज. मला तो काय आहे हे कळायच्या आत तो आमच्यापाशी येऊन पुढे गेला. डबे हातभरच सरकले असतील. माय खडीवर पडली होती आणि तिचा मागचा पाय रुळावर राहिला होता. ती ओरडली नाही. "इंदे," म्हणाली, "बाबाले बलाव." मी खाली पाहिलं नाही. हांडा लवंडून पाणी खडीत जात होतं तेवढंच पाहिलं.

मी धावत वस्तीत आले. बायकांना ओरडून सांगितलं. बिसाहिन काकीनं गौतमला कुणाच्या तरी हातात दिलं आणि आपली बाज घराबाहेर ओढली. काही जणी, एक म्हातारा आणि घरी असलेले दोन पुरुष बाज घेऊन साइडिंगकडे पळाले. मी टिनाकडे पळाले, कारण बाबा आत होते. कार्यक्रमात कुठे टिन ढिलं झालं, वाऱ्यानं वाजायला लागलं, तर कसायला म्हणून त्या दिवशी त्यांना पाना देऊन आत उभं केलं होतं. पण कुठे उभे होते ते मला कसं दिसणार? आत बँड वाजत होता. मी दगड घेतला आणि टिनावर मारत त्या सबंध भिंतीच्या कडेनं पळत सुटले. "बाबा! बाबा!" दर टिनावर एक दगड. मधेच बँड थांबला की माझाच आवाज मला ऐकू यायचा आणि परत बुडायचा.

अखेर आतून कुणीतरी टिनावर हात मारला. "कोन व्हय?"

"मी इंदू! बाबा, मायले डब्ब्यानं धरलं! पाय गेला मायचा!"

आतून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, ऐकूच गेलं नाही. मी परत दगड उचलला. आणि मग नटावर पाना बसल्याचा तो कर्रकन आवाज. एक नट. दुसरा. मागून वस्तीतली माणसं बाज घेऊन आली. मायच्या पायाला कुणीतरी आपलं धोतर गुंडाळलं होतं. टिनाच्या पलीकडून सुपरवायझरचा आवाज ऐकू आला, "बाबूराव! क्या कर रहे हो? परेड चालू है! बाद में, बाद में!" पाना चालूच होता. मग टिनाचं खालचं टोक सुटलं, ते आत ओढलं गेलं, त्याच्या शेजारचंही सुटलं, आणि त्या भगदाडात बाबा उभे होते, हाताची बोटं रक्ताळलेली. त्यांनी बाजेवर एकदाच पाहिलं, आणि बाजेचा पुढचा खूर धरून खांद्यावर घेतला.

दवाखाना सरळ समोर होता. मैदान ओलांडलं की सडक, सडक ओलांडली की दवाखाना. आम्ही चुन्याच्या रेषांवरून निघालो. रंगीत बनियन घातलेले संघ ओळीनं चालत होते, ते थबकले. बँडवाल्यांपैकी काही वाजवत राहिले, काही थांबले. आणि तेव्हा मांडवातून टाळ्या पडल्या. आधी थोड्या, मग सगळ्या पायऱ्यांवरून. नंतर कळलं की लोकांना वाटलं, हे कार्यक्रमातलंच आहे, प्रथमोपचाराचं प्रात्यक्षिक. तेव्हा मला एवढंच कळलं की माझी माय मरते आहे आणि माणसं टाळ्या वाजवताहेत. निळ्या बनियनमधला एक खेळाडू ओळ सोडून धावत आला, म्हाताऱ्याच्या खांद्यावरचा खूर त्यानं आपल्या खांद्यावर घेतला आणि आमच्याबरोबर पळायला लागला. त्याच्या पायात खिळ्यांचे बूट होते, त्यानं बाज हिंदकळत होती. तो कुठल्या शहराचा, कुठल्या भाषेचा, कळलं नाही. दवाखान्याच्या दारात बाज ठेवली आणि तो परत पळत गेला. त्याची शर्यत हुकली की मिळाली, हे मला आजही जाणून घ्यावंसं वाटतं.

माय वाचली. पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

ठेकेदारानं बाबांना त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. पर्मनंटची गोष्ट तिथेच संपली. टिनं दुसऱ्या दिवशी सकाळी परत लागली, आणि ती आमच्याच रांगेतल्या दोघांनी लावली. त्यांना दोष द्यायचं वय माझं होतं, मी दिला. बाबांनी दिला नाही. "त्याइलेबी पर्मनंट व्हाचं आहे," एवढंच म्हणाले. सामने झाले, पाहुणे गेले, टिनं मात्र राहिली. पुढे त्या जागी विटांची भिंत आली.

त्या वर्षी पाणी बाबांनी भरलं. सकाळी भोंग्याआधी दोन हांडे घेऊन, डब्यांच्या मधून नव्हे, सगळी रांग ओलांडून, पूर्ण वळसा घालून जायचे. पुरुषानं डोक्यावर हांडा घेतलेला पाहून पोरं हसायची. मग ते मिळेल तिथे रोजीनं कामाला जायचे. भाकरी मी थापायला शिकले, वाकड्या व्हायच्या. माय बाजेवरून सांगायची, पाणी जास्त झालं, पीठ मळ अजून. आई-बापांत त्या दिवसाविषयी एक शब्द झालेला मी ऐकला नाही. भांडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटायचं. बाबा तिच्यासमोर बसायचे तेव्हा गळ्यात बिल्ला नसायचा आणि त्यांचा हात उगीचच छातीपाशी जायचा. मायनं एकदाही "मी सांगितलं होतं" म्हटलं नाही, आणि मला वाटतं, त्यामुळेच बाबा लवकर म्हातारे झाले.

आता मी भिलाईतच, रिसालीत, मुलाकडे असते. टीव्हीवर कुठल्याशा शहरात मोठे खेळ असले की आधी रस्त्याकडेला निळी-हिरवी कापडं, पत्रे लागलेले दाखवतात. नातू म्हणतो, कित्ती साफ दिखता है ना आजी. मी पत्र्याच्या वरच्या कडेकडे पाहत राहते. पलीकडे कुणी दगड मारत पळत असेल तर टीव्हीत ऐकू येणार नाही.

बाबांना कारखान्यात पर्मनंट नोकरी लागली, पण फार उशिरा, मी मॅट्रिक झाले त्या सुमारास. आणि त्यानंतर सेक्टर दहामध्ये क्वार्टर. घरात नळ आला. माय कुबडीवर चालायला सरावली होती. एका हिवाळ्यात त्याच मैदानावर सामने लागल्याचं शेजारीण बोलली, तेव्हा माय अचानक म्हणाली, "मले पाहाचं आहे ते."

"काय पाहाचं?" बाबा म्हणाले.

"खेळ. एवढा काय खेळ असते, तो पाहाचा आहे."

बाबांनी तिच्या कुबडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "इंदू नेईन तुले." पण निघताना सायकल त्यांनीच काढली, मायला मागे बसवलं आणि फाटकापर्यंत हातानं ढकलत आणली. आत मात्र आले नाहीत. भिंतीच्या सावलीत सायकल धरून उभे राहिले.

आम्ही पायऱ्यांवर बसलो. माय शेंगा खात पाहत होती. मुलींची शर्यत झाली तेव्हा ती जरा पुढे सरकली. मध्येच विचारलं, "आपन कुठून कुठं गेलो होतो व?" मी बोटानं दाखवलं, ती समोरची भिंत, तिथून सरळ, या रेषांवरून, इथे या पायऱ्यांच्या कडेनं दवाखान्याकडे. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवत राहिली. दोनदा.

"इतकंच आहे हे?" ती म्हणाली. "मले त वाटलं होतं, सरतच नाही."

मग ती शर्यती संपेपर्यंत शेंगा खात राहिली. लोक उठले, आम्ही गर्दी ओसरू दिली. फाटकाबाहेर बाबा तसेच उभे होते. त्यांनी सायकल तिरकी केली, तिची कुबडी माझ्या हातात दिली, तिला दोन्ही हातांनी उचलून मागे बसवलं. हँडल धरलं आणि तिच्याकडे न पाहता विचारलं, "कोन जितलं?"

मायनं थोडा विचार केला.

"एक पोरगी," ती म्हणाली. "चाला आता घरी."